डेनिसरावांच्या पेनाचं टोपण

किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. इथे कॅनडात, हॅलिफॅक्सला जानेवारीत सकाळी दार उघडलं की बर्फ जसा समोर येऊन पडलेला असतो, तसे ते आपोआप साचतात. फरक एवढाच, की बर्फ शोव्हल करून बाजूला टाकता येतो. किस्से कुठे टाकणार? मग कोणी भेटलं की त्याच्यावर टाकायचे. आज तुम्ही सापडलात!

आधी आमचा गुरुवार म्हणजे काय ते सांगतो. बंदराजवळच्या लायब्ररीत दुसऱ्या मजल्यावर एक काचेची खोली आहे. दर गुरुवारी सकाळी दहा ते बारा ती आमची. आम्ही म्हणजे नऊ-दहा रिटायर्ड मराठी माणसं. तरुणपणी डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक म्हणून इकडे आलेली आणि आता गुडघे आणि नातवंडं सांभाळणारी. मी जहाजदुरुस्तीच्या यार्डात इंजिनिअर होतो. मूळचा नागपूरचा. बायको उषा पुण्याची, त्यामुळे आमच्या घरात शेवटचा शब्द कोणाचा हे विचारू नका.

बाकीच्यांपैकी दोघांना लक्षात ठेवा, पुरे. एक डॉक्टर केळकर. आयुष्यभर ऑपरेशनच्या आधी लोकांना भूल देत होते, आता नियम वाचून देतात. दुसऱ्या कमलताई, आमच्या मंडळाच्या सेक्रेटरी. शाळेत गणित शिकवायच्या. बोलतात कमी, पण हजेरी मात्र घेतात.

आणि ज्याच्यामुळे हे सगळं सांगतोय तो माणूस मराठी नव्हताच. तो ब्रिटिश होता, निवृत्त राजदूत होता, आणि वर त्याला राणीने 'सर' हा किताब दिलेला होता.

* * *

पहिल्यांदा आला तेव्हा आम्हाला वाटलं, तक्रार घेऊन आला. आमच्या खोलीतून हसण्याचा आवाज फार येतो अशी तक्रार याआधी दोनदा झाली होती. दारात हा सहा फूट उंच गोरा म्हातारा. अंगात ट्वीडचा कोट, एका हातात काठी, दुसऱ्या हातात फेरीबोटीचं तिकीट. बंदराच्या पलीकडे, डार्टमथला राहायचा.

डॉक्टर केळकर चटकन उभे राहिले. "सॉरी, आर वुई टू लाउड?"

तो म्हणाला, "नाही. उलट जरा हळू बोलताय. बाहेरच्या बाकावरून मला नीट ऐकू येत नाही."

मराठीत! आणि तेही इतकं स्वच्छ, की उषाने आधी माझ्याकडे बघितलं, मीच काही बोललो का म्हणून.

"गेले तीन गुरुवार मी बाहेर बसून ऐकतोय," तो म्हणाला. "आपली परवानगी असेल तर मी आत आसनस्थ होऊ का?"

आमच्या मुलांशी मराठीत बोललं तर ती इंग्रजीत उत्तर देतात. नातवंडं तर उत्तरही देत नाहीत. आणि इथे हा माणूस आसनस्थ व्हायची परवानगी मागत होता. उषाने स्वतःची खुर्ची दिली. नाव विचारलं. डेनिस वेदरली. "मग आजपासून डेनिसराव," उषा म्हणाली, आणि ते नाव तिथेच चिकटलं.

* * *

एवढं मराठी आलं कुठून, हे अर्थातच सगळ्यांनी विचारलं.

डेनिसरावांची पहिली नोकरी मुंबईच्या ब्रिटिश वकिलातीत. वय सव्वीस-सत्तावीस. वरिष्ठांनी सांगितलं, हिंदी शिका. मास्तर लावून दिले. मास्तर गिरगावातले, पागोट्याच्या काळातले. रोज सकाळी सात वाजता यायचे, व्याकरण घोटून घ्यायचे, चुकलं तर पट्टी टेबलावर आपटायचे. सहा महिन्यांत डेनिसराव फडाफडा बोलायला लागले. मग दिल्लीहून बोलावणं आलं. मोठ्या साहेबांसमोर त्यांनी पाच मिनिटांचं भाषण ठोकलं. साहेबांना काहीच कळलं नाही. साहेबांना वाटलं, आपलंच हिंदी कच्चं. शेवटी चहा घेऊन आलेला शिपाई म्हणाला, "साब, ये तो बंबईवाली बोली है!"

डेनिसराव परत येऊन मास्तरांवर संतापले. मास्तर शांतपणे म्हणाले, "तुम्हाला राहायचंय कुठे? मुंबईत ना? मग जे लागतं ते शिकवलं."

"ऑफिसला कळवलं का तुम्ही?" डॉक्टर केळकरांनी विचारलं. नियमाचा प्रश्न होता.

"नाही. माझ्या फाइलमध्ये अजूनही लिहिलेलं आहे, हिंदी उत्तम."

* * *

पुढच्या गुरुवारी आम्ही हट्टच धरला, की तुमची पदकं दाखवा. आमच्यातल्या कोणाला राणीने काही दिलं नव्हतं. मला यार्डातून रिटायर होताना एक घड्याळ मिळालं होतं, ते दोन महिन्यांत बंद पडलं.

डेनिसराव पदकं घेऊन आले ते बिस्किटांच्या निळ्या गोल डब्यात. तो डबा आपल्या सगळ्यांच्या घरी असतो आणि त्यात बिस्किटं कधीच नसतात! यांच्याही डब्यात वर तीन पदकं आणि खाली सुया, दोरे, बटणं.

"मार्गारेट एकत्रच ठेवायची," ते म्हणाले. मार्गारेट म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. "तिचं म्हणणं, सगळं कोटालाच लावायचं, मग दोन डबे कशाला?"

डॉक्टरांनी एकेक पदक उजेडात धरून पाहिलं. कशाकशाबद्दल मिळालं ते विचारलं.

"पहिलं मुंबईतल्या फाइली वेळेवर संपवल्याबद्दल," डेनिसराव म्हणाले. "दुसरं, एका देशात फाइली वेळेवर जाळल्याबद्दल. आणि तिसरं, किताबाचं, निवृत्त होईपर्यंत जिवंत राहिल्याबद्दल."

आम्ही पोट धरून हसलो. मी पदकांचे फोटो काढून ओकव्हिलला मुलाला पाठवले. त्याचं उत्तर आलं, "कूल, बाबा. हू इज द गाय?" उषाने मात्र डब्यातला सुई-दोरा काढून त्यांच्या कोटाचं लोंबणारं एक बटण शिवून दिलं. पदकांपेक्षा त्यांना त्याचाच आनंद जास्त झालेला दिसला.

* * *

आता हा पुढचा किस्सा. हा घडला तेव्हा आम्हाला तो किस्सा आहे हेसुद्धा कळलं नाही.

डॉक्टर केळकरांची मुलगी दर शनिवारी दोन मुलं त्यांच्याकडे सोडून जाते. त्यांना नाही म्हणता येत नाही. ते डेनिसरावांना म्हणाले, "तुम्ही इतकी वर्षं डिप्लोमॅट होता. नाही कसं म्हणायचं ते तरी शिकवा."

"ते मी पहिल्याच नोकरीत शिकलो," डेनिसराव म्हणाले. "मुंबईत इंग्लंडला जाण्यासाठी अर्ज करणाऱ्यांच्या मुलाखती घ्यायचं काम माझ्याकडे होतं. सकाळी दहा ते एक, वीस-पंचवीस माणसं. आमचे वरिष्ठ सांगायचे, नाही म्हणायचं ठरलं की आधी पेनाला टोपण लावा, मग बोला. पेन उघडं असलं की हात काहीतरी लिहायला बघतो. समोरच्यालाही वाटत राहतं, अजून आशा आहे. टोपण लावलं की दोघांनाही कळतं."

त्यांनी खिशातून जुनं काळं शाईचं पेन काढलं. उघडलं. टोपण लावलं. टक्!

डॉक्टर टाळी देत म्हणाले, "म्हणजे मलाही असंच टोपण लावलेलं असणार! मीही तिकडेच अर्ज केला होता हो. नाही म्हणाले म्हणून कॅनडाला आलो. नाहीतर आज बर्मिंगहॅमला छत्री घेऊन फिरत असतो."

मग एकेक जण सांगायला लागला. आमच्या त्या खोलीतली निम्मी माणसं इंग्लंडने नको म्हटल्यामुळे हॅलिफॅक्सला बसली होती! डेनिसराव दर वेळी मान लववून "आपला आभारी आहे" म्हणत होते, आणि आम्ही परत हसत होतो.

कमलताई हसत नव्हत्या. त्यांनी कॉफीचा कप खाली ठेवला, पर्स उचलली आणि "माझी बस आहे" म्हणून उठल्या. सव्वाअकरा वाजले होते. त्यांची बस बाराला असते.

* * *

मी खाली गेलो तर त्या स्टॉपवर उभ्या. वारा असा, की टोपी धरून ठेवावी लागत होती. मी गाडी काढली आणि म्हटलं, बसा, सोडतो.

दोन सिग्नल गेले. मग त्या आपणहून बोलायला लागल्या.

"अनिलराव, मी बावीस वर्षांची होते. ठाण्याला शाळेत नुकतीच लागलेले. माझी मोठी बहीण मालूताई लग्न होऊन इंग्लंडला गेली होती. ती तिकडे फार आजारी पडली. भावोजींनी पत्र पाठवलं, कमलला पाठवा, ती सारखी तिचं नाव घेतेय. मी अर्ज केला. मुलाखतीला गेले. टेबलापलीकडे एक उंच मुलगा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल. उकाड्याने कान लाल झालेले. त्याने सगळं वाचलं आणि विचारलं, तुमचं लग्न झालेलं नाही, तुम्ही परत याल याचा पुरावा काय?"

"मग?"

"मी म्हटलं, आई वाट बघतेय. तर म्हणाला, वाट बघणं हा पुरावा होत नाही." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "आणि टोपण लावलं. मालूताई त्याच हिवाळ्यात गेली."

मी गाडीचा वेग कमी केला. शेवटी विचारलं, "हेच का ते?"

"चेहरा नाही हो आठवत. टोपण आठवतं. पण सगळ्यांनाच तसं शिकवलं होतं म्हणाले ना ते? मग तेच कशावरून?"

"विचारून टाका एकदा."

"विचारून काय करू? हो म्हणाले तर काय करू? आणि आठवत नाही म्हणाले तर?" थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "फाइली वेळेवर संपवल्या म्हणून पदक मिळालं म्हणे. त्यातली एक माझी असेल."

मला राग आला होता, पण कोणाचा ते कळत नव्हतं. त्या पदकाचा फोटो मी मुलाला पाठवला होता, तो फोनमधून काढून टाकला. कमलताईंनी उतरताना बजावलं, की हे कोणाला सांगायचं नाही. मी कोणालाच सांगितलं नाही. उषाला सांगितलं, पण ती कोणी नव्हे!

* * *

पुढचे दोन गुरुवार कमलताई आल्या नाहीत. सेक्रेटरीच नाही म्हणून हजेरी झाली नाही, आणि डॉक्टर केळकर बेचैन झाले. डेनिसराव दोन्ही वेळा विचारत होते, "त्या गणिताच्या बाई कुठे आहेत?" उषाने सर्दीचं कारण सांगितलं.

तिसऱ्या गुरुवारी त्या आल्या. कोपऱ्यात बसल्या. नेमका त्याच दिवशी डेनिसरावांनी त्यांचा सगळ्यात नावाजलेला किस्सा सांगितला.

कुठल्याशा लहान देशात ते राजदूत होते. राणीच्या वाढदिवसाची पार्टी संध्याकाळी त्यांच्या बंगल्यावर, आणि सकाळीच तिथलं सरकार लष्कराने उलथवलं! आमंत्रणं गेली होती जुन्या मंत्र्यांना. संध्याकाळी तीच कार्डं हातात घेऊन नवे लष्करी अधिकारी हजर. डेनिसराव दारात उभे राहून प्रत्येकाला कार्डावरच्या नावाने 'वेलकम' म्हणत होते, कारण प्रोटोकॉल तसा होता.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आचारी धावत आला. मागच्या दाराने जुने शिक्षणमंत्री आले होते. थरथरत होते, पायात एकच बूट. बाहेरचे पाहुणे दिवसभर त्यांनाच शोधत होते. राजदूताने असल्या माणसाला आसरा द्यायचा नाही, असा लंडनचा स्पष्ट हुकूम होता. डेनिसरावांनी त्यांना वेटरचा पांढरा कोट चढवला, हातात सरबताचा ट्रे दिला आणि म्हणाले, "बाहेर जा. वेटरच्या तोंडाकडे कोणी बघत नाही."

मंत्र्यांनी त्या संध्याकाळी आपल्यालाच पकडायला निघालेल्या माणसांना चाळीस ग्लास सरबत पाजलं. दुसऱ्या दिवशी वकिलातीच्या भाजीच्या गाडीतून सीमेपार गेले.

"मग त्याचंच पदक का ते दुसरं?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे! त्याबद्दल लंडनहून पत्र आलं, की एक वेटर जास्त कोणाच्या मंजुरीने लावला."

खोलीत हशा पिकला. तो ओसरल्यावर कोपऱ्यातून कमलताई म्हणाल्या, "म्हणजे नियम मोडता येत होता."

डेनिसरावांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"येत होता," ते सावकाश म्हणाले. "पण हे मला पहिल्या नोकरीत त्या टेबलापाशी बसलो होतो तेव्हा माहीत नव्हतं. फार उशिरा कळलं."

कमलताईंनी मान हलवली. त्या मानेचा अर्थ हो की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

* * *

नोव्हेंबर संपताना एका गुरुवारी वादळ आलं. बस बंद, रस्ते बंद. माझ्या गाडीला तर विंटर टायर्सही लागायचे होते. सगळ्यांनी फोनवर ठरवून टाकलं, आज नको.

कमलताई सहसा फोन बघत नाहीत, आणि बस बंद व्हायच्या आधीच त्या घरून निघाल्या होत्या. डेनिसरावांकडे फोनच नव्हता, आणि फेरी चालू होती. म्हणजे त्या दिवशी खोलीत ती दोघंच.

पुढच्या वेळी मी लायब्ररीतल्या ब्रेंडाला हळूच विचारलं, काय झालं? भांडणबिंडण?

"नथिंग!" ब्रेंडा म्हणाली. "दोन तास नुसते बसून होते. खिडकीतून बर्फ बघत होते. एकदा त्या बाईंनी डब्यातून काहीतरी पिवळं, गोल काढलं, अर्धं मोडून त्यांना दिलं. ही सेड थँक यू. शी सेड नथिंग."

बेसनाचा लाडू. कमलताई तो फार चांगला करतात. पण आम्हाला त्यांनी तो इतक्या वर्षांत कधी अर्धा मोडून दिलेला नाही. एक तर अख्खा देतात, नाहीतर डॉक्टरांनी साखर वर्ज्य सांगितल्याची आठवण करून देतात.

* * *

डिसेंबरात डेनिसराव एकदम उतरलेल्या चेहऱ्याने आले. त्यांच्या मुलीला मॉन्ट्रियलला विमानाच्या कारखान्यात मोठी नोकरी लागली होती. ती म्हणत होती, डॅड, तुम्ही पण चला. एप्रिलपर्यंत, हिवाळाभर राहून बघा, आवडलं की डार्टमथचा फ्लॅट विकून टाकू.

"तुम्हाला तर फ्रेंच येतं," उषा म्हणाली. "मग काय अडचण?"

"फ्रेंच येतं. पण तिथे गुरुवार नाही," डेनिसराव म्हणाले. "ती विचारते, हॅलिफॅक्सला तुमचं आहे कोण? मी सांगितलं, मंडळ आहे. ती म्हणाली, डॅड, तुम्ही त्यांचे मेंबर तरी आहात का?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. खरंच, ते मेंबर नव्हते. वर्षभर येत होते, चिवडा खात होते, पण यादीत नाव नव्हतं. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला परत येण्यासाठी मुलीला दाखवायला एक कागद हवा होता, आणि तो आमच्याकडे होता.

डॉक्टर केळकर लगेच उभे राहिले. "मी ठराव मांडतो! सर डेनिस वेदरली यांना मानद सदस्यत्व द्यावं. शाल, नारळ, मानपत्र, सगळं करू. नारळ इंडियन स्टोअरमध्ये मिळतो."

डेनिसरावांनी हात जोडले. "मानद माझ्याकडे डबाभर आहे, डॉक्टर. मला साधं द्या."

आता आली पंचाईत! साध्या सदस्यत्वासाठी नियमावली होती. लायब्ररीने खोली देताना मंडळाची कागदपत्रं मागितली, तेव्हा डॉक्टरांनी ती एकट्याने बेसमेंटमध्ये बसून लिहिली होती, बावीस कलमांची. कलम सात: नव्या अर्जदाराची सेक्रेटरी एकट्याने मुलाखत घेतील आणि त्यांचा निर्णय अंतिम राहील. दहा वर्षांत नवा अर्जदार एकही आला नव्हता, त्यामुळे ते कलम कोणी वापरलंच नव्हतं.

"सोडून द्या ना ते कलम," मी म्हटलं. "नियम काय, मोडता येतो."

"असू दे," कमलताई म्हणाल्या. "मी घेते मुलाखत."

आम्हाला बाहेर काढण्यात आलं. खोली काचेची, त्यामुळे दिसत सगळं होतं. आणि ऐकू यावं म्हणून नियमावलीच्या लेखकानेच दारात आपला बूट अडकवून ठेवला होता! उषाने माझा दंड घट्ट धरला होता.

टेबलाच्या एका बाजूला कमलताई, दुसऱ्या बाजूला डेनिसराव, पाठ ताठ, काठी दोन्ही गुडघ्यांच्या मधे. कमलताईंनी अर्ज समोर ओढला आणि पर्समध्ये पेन शोधलं. सापडलं नाही. डेनिसरावांनी आपलं काळं पेन काढून पुढे केलं. कमलताईंनी ते जरा वेळ नुसतंच हातात धरलं, मग उघडलं. उजव्या हातात पेन, डाव्या हातात टोपण.

"नाव?"

"डेनिस वेदरली."

"सदस्य होण्याचा उद्देश?"

"गप्पा."

"सध्याचा व्यवसाय?"

"गुरुवार."

डॉक्टरांना हसू आलं, उषाने त्यांना चिमटा काढला.

कमलताईंनी लिहिलं. मग मान वर करून त्यांच्याकडे सरळ बघत विचारलं, "तुम्ही मॉन्ट्रियलला जाताय. तुम्ही परत याल याचा पुरावा काय?"

पाळ्यांपासून वरपर्यंत डेनिसरावांचे कान लाल होत गेले. खोलीत उकाडा नव्हता. ते कमलताईंकडे बघत राहिले, मग त्यांच्या डाव्या हाताकडे. उषाच्या पकडीत माझा दंड दुखायला लागला.

शेवटी त्यांनी विचारलं, "कोणी वाट बघत असेल, तर तो पुरावा धरता येतो का?"

कमलताईंनी पेनाकडे पाहिलं, टोपणाकडे पाहिलं. मग त्यांनी पर्स उघडली, टोपण आत टाकलं, चेन ओढली आणि अर्जाच्या शेवटच्या ओळीवर सावकाश, वर्गात फळ्यावर लिहायच्या तशा ठळक अक्षरात 'मंजूर' लिहून खाली सही केली.

पेन त्यांनी डेनिसरावांना परत दिलं, तसंच उघडं.

"आणि टोपण?" डेनिसरावांनी विचारलं.

"ते राहू दे माझ्याकडे. एप्रिलमध्ये येऊन घेऊन जा."